आप्पाजीपंतांचा हत्ती

भाग्यलक्ष्मी नगर हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं ती जागा नक्कीच उन्हाळ्यात पाहिली असणार. तंजावूरचे जुने लोक त्या भागाला अजून पळ्ळम म्हणतात, म्हणजे खोलगट जागा. नाव बदललं म्हणून पाणी कुठे जात नाही. शहराची भुयारी गटारं मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबली होती. त्यापुढे प्रत्येक घरामागे एक टाकी, आणि दर महिन्याला ती उपसायला लॉरी. लॉरी आली की सगळं नगर खिडक्या लावून घेई आणि जेवणं तासभर लांबत.

या नगरात सीतारामरावांचं घर सगळ्यात जुनं. ओरत्तनाडूच्या शेती कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस अर्ज लिहिण्यात कुणाला हार जायचा नाही. गटाराच्या अर्जांची त्यांची फाइल एवढी फुगली होती की ती बांधायला त्यांच्या बायकोच्या, कमलाक्षीबाईंच्या, जुन्या साडीचा काठ लागला होता. यंदा मात्र अर्जात जीव अडकला होता. त्यांची मुलगी नंदिता फिजिओथेरपिस्ट. घराशेजारच्या रिकाम्या जागेत तिला दवाखाना काढायचा होता, पण गटाराची जोडणी नाही तोवर नकाशा मंजूर होणार नव्हता. मस्कतच्या एका इस्पितळानं तिला नोकरी देऊ केली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सीतारामराव वरवर म्हणत, "जा की, मस्कत काय लांब आहे?" आणि मग अर्धी इडली ताटात टाकून उठत. मुलगी गेली तर या घरात आपण दोघं आणि ती टाकी एवढंच उरेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

चेन्नईहून गटारं वाढवायला निधी मिळणार होता, पण नगरांना गुण देऊन. सत्तर गुण झाले की यादीत नाव. पालिकेचे इंजिनिअर सुब्रह्मण्य यांनी हिशेब करून पाहिला, तर भाग्यलक्ष्मी नगर एकसष्टवर अडकलेलं.

"जुन्या वस्तीला दहा गुण आहेत, सर," ते म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी इथं माणसं राहत होती याचा कागद हवा. तुमच्याकडे ती राजाची सनद आहे ना, हत्तीवाली?"

सनद होती. फ्रिजच्या वर, भिंतीला, काचेच्या चौकटीत, तीन पिढ्या. हत्तीची गोष्ट तर नगरात कुणाला माहीत नाही असं नव्हतं, कारण प्रत्येक पोंगलला सीतारामराव ती सांगत. मूळ पुरुष आप्पाजीपंत हे तंजावूरच्या मराठा राजांचे शूर सरदार. एकदा सरकारचा हत्ती पिसाळला आणि खंदक ओलांडून पळाला. आप्पाजीपंतांनी त्याला रिकाम्या हातांनी थांबवला. राजे खूश झाले आणि ही जमीन इनाम दिली. गेल्या काही वर्षांत त्या हत्तीला दात फुटले होते आणि उंचीही वाढली होती.

"पण कागदासोबत भाषांतर लागेल," सुब्रह्मण्य म्हणाले.

इथेच पंचाईत होती. सनद मोडी लिपीत होती. घरात नागरी वाचायचे वांधे, तिथे मोडी कोण वाचणार? आजोबांनी वडिलांना गोष्ट सांगितली, वडिलांनी यांना. कागद वाचायची गरज कुणाला पडली नाही. राजवाड्याजवळच्या गल्लीत वेंकटराव राहत. जुनी दप्तरं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत ते सहज म्हणाले होते, "सनद आणा एकदां, वाचून देतों." तेव्हापासून सीतारामराव त्यांच्या गल्लीतून जात नसत. घराण्याच्या इभ्रतीवर कुणी शंका घ्यावी हे त्यांना खपत नसे.

आता गरज यांना होती. त्यांनी चौकट पिशवीत घातली आणि निघाले.

वेंकटरावांनी कागद उन्हात धरला आणि ओळीओळीवरून भिंग फिरवलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"सीतारामराव, ही सनद नव्हे. अर्ज आहे."

"कसला अर्ज?"

"मोरीचा, दोनशे वर्षांपूर्वींचा. ऐका." आणि त्यांनी वाचलं: "'साहेबांचे सेवेसी, सेवक आप्पाजी कारकून याची विनंती ऐसीजे. खंदकापलीकडील पळ्ळमांत सेवकाचें घर. घरापुढें सांडपाणी तुंबोन चिखल जाहला. सरकारचा हत्ती त्यांत रुतोन दोन प्रहर उभा राहिला. दुर्गंधीमुळें कन्या माहेरीं येत नाहीं. तरी मोरी बांधावयास सरकारांतून खर्च मिळावा.' खालीं सरकारी शेरा मारून अर्ज परत पाठवलेला आहे."

सीतारामराव खाटेच्या कडेवर बसले. सरदार गेला. इनाम गेलं. हत्ती थांबला होता, हे खरं, पण त्याला थांबवला होता गटारानं.

"वेंकटराव, भाषांतरांत तें हत्तीचें जरा वेगळें लिहितां येईल कां?"

"मी वाचतों. रचत नाहीं," वेंकटराव म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांनी भाषांतर लिहून, सही करून हातात दिलं आणि कॉफी पाजूनच सोडलं.

घरी येऊन सीतारामरावांनी चौकट जागेवर टांगली आणि भाषांतर पंचांगात लपवलं. "कागद फार जीर्ण झालाय, वाचतां येत नाहीं म्हणतात," असं त्यांनी बेधडक सांगून टाकलं.

"सरि, अप्पा," नंदिता म्हणाली. "तुम्ही खूप धडपड केलींत. पोदुम, पुरे आतां." आणि ती माळ्यावरची मोठी बॅग काढायला स्टूल शोधू लागली. ती बॅग खाली आली तेव्हा सीतारामराव पुन्हा पंचांग उघडून बसले. त्या जुन्या कारकुनाच्या कागदातली एक ओळ त्यांना सोडत नव्हती. हत्तीची नव्हे, त्याच्या पुढची.

शुक्रवारी सुनावणी. निधीच्या अधिकारी लक्ष्मीप्रिया चेन्नईहून आलेल्या, पालिकेचं सभागृह भरलेलं, आणि मागच्या रांगांत आख्खं भाग्यलक्ष्मी नगर. सीतारामराव पिशवी आणि अर्जांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत चौकट होती आणि भाषांतरही होतं, पण ते बाहेर काढायचं की नाही हे काही ठरलेलं नव्हतं.

सुब्रह्मण्य यांनी एकसष्ट गुण वाचून दाखवले. "जुन्या वस्तीचा पुरावा?" लक्ष्मीप्रियांनी विचारलं.

"आहे, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. "सरांच्या घरी राजाची सनद आहे. सर, हत्तीचं सांगा."

सीतारामराव उठले. पिशवी आणि फाइल घेऊन समोर गेले. नगरातली सगळी माणसं कौतुकानं बघत होती. नंदिता दाराशी उभी होती, हातात मोबाइल. आता खोटं बोललो तर अब्रू राहते आणि मुलगी जाते. त्यांनी चष्मा पुसला आणि तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली.

"हत्ती कुणी थांबवला नव्हता. तो आमच्या दारातल्या घाणीत रुतला होता. आमचे पूर्वज सरदार नव्हते. माझ्यासारखेच कारकून होते. हा त्यांचा अर्ज."

आणि त्यांनी पिशवीतून भाषांतर काढून तो पहिल्या शब्दापासून वाचला. हत्ती दोन प्रहर उभा राहिला तिथे सभागृह खदखदून हसलं. कमलाक्षीबाईंनी पदर तोंडाशी नेला. "कन्या माहेरी येत नाही" ही ओळ आली तेव्हा सीतारामरावांनी दाराकडे पाहिलं. त्यांनी पाणी मागितलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"शेरा काय आहे?" लक्ष्मीप्रियांनी विचारलं. हसून त्यांचे डोळे ओले झाले होते.

"'जागा पाहोन अर्ज पुन्हा करावा.'" सीतारामरावांनी साडीच्या काठानं बांधलेली फाइल उचलून टेबलावर ठेवली. "हा पुन्हा केलेला अर्ज, मॅडम."

"दोनशे वर्षं झाली, सर. इतका उशीर?"

"शेरा वाचला नव्हता. भिंतीवर लावला होता."

दहा गुण मिळाले. एकाहत्तर झाले. नंदितानं मस्कतला काय कळवलं ते कुणी विचारलं नाही, पण रविवारी ती मोठी बॅग परत माळ्यावर गेली, आणि सीतारामरावांनी स्टूल धरलं.

खोदकाम सुरू झालं ते थेट तई महिन्यात, पोंगल आटोपल्यावर. तिसऱ्याच दिवशी जेसीबी त्यांच्या दारात आला, चाकं फिरली, चिखल उडाला आणि ते अवजड धूड कमरेपर्यंत रुतून बसलं. ड्रायव्हर शिव्या देत होता. सुब्रह्मण्य फोनवर दुसरं यंत्र मागवत होते. नगर गोळा झालं. सीतारामराव मात्र पायरीवर खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी कॉफी मागवली.

नंदिता दोन पेले घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. शेजारच्या जागेत तिच्या दवाखान्याच्या पायाच्या खुणा चुन्यानं आखलेल्या होत्या.

"अप्पा, पुढच्या पोंगलला ही गोष्ट सांगाल तेव्हां, जेसीबी कुणी थांबवला म्हणाल?"

सीतारामरावांनी एक घोट घेतला, रुतलेल्या यंत्राकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"गटारानें," ते म्हणाले. "पण तें बघायला माझी मुलगी घरीं होती, हें आधीं सांगेन."