न झिजलेलं बटण

मी वाचनालयातला एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझ्यावरचा 'क' पुसून गेला आहे, स्पेसबार एका बाजूने खचला आहे, आणि पोटात खोडरबराचा किती चुरा आहे ते विचारूच नका. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा कसा तुकतुकीत होतो! मुलं माझ्यासाठी रांग लावायची. आता संगणक हळू चालला की ठोसे मात्र मला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण माझं एक बटण अगदी नव्यासारखं राहिलं होतं. अवतरणचिन्हाचं. त्याला कुणी हातच लावत नसे. मलाही वाटायचं, हे बिचारं उगाच जन्माला आलं.

मग एका दुपारी अर्जकाकू आल्या. कचेरीबाहेर बसून लोकांना अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून हे नाव. त्यांच्या थोरल्या भावाला, दादांना, दिसत नाही. दादा अंध मुलांसाठी ब्रेल टाइपरायटरवर गोष्टी लिहीत. त्या यंत्रातून जाड कागदावर उठावदार ठिपके उमटतात आणि बोटांनी वाचता येतात. ते यंत्रच बंद पडलं होतं. दुरुस्त करणारं कुणी सापडेना. दादांचं लिहिणं थांबलं, मग हळूहळू बोलणंही.

काकू इंटरनेटवर दुरुस्तीची माहिती शोधायला बसल्या. आणि त्यांनी माझ्यावर काय टाइप करावं? "महोदय, विनंती अर्ज करते की, माझ्या भावाचा टाइपरायटर बंद पडल्याने त्यांची फार गैरसोय होत आहे, तरी कृपाळू होऊन..." जित्याची खोड! पडद्यावर अर्जांचे नमुने आले. पुन्हा लिहिलं, तर नवी यंत्रं विकणारी दुकानं आली. काकूंचे डोळे भरून आले.

ग्रंथपालबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "काकू, आत कुणी साहेब बसलेला नाही. गाऱ्हाणं नका सांगू. ज्या पानावर उत्तर असेल, त्या पानावर कोणते शब्द असतील, तेवढेच लिहा."

काकू घरी जाऊन यंत्राच्या तळाशी कोरलेलं नाव उतरवून आल्या. बाईंनी ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घालायला लावलं, म्हणजे नेमकं तेच नाव असलेली पानं येतील. पुढे 'दुरुस्ती', आणि 'विक्री'च्या आधी अगदी चिकटून वजाचं चिन्ह, म्हणजे दुकानं बाजूला.

ते बटण दबलं आणि मी थक्क झालो, मित्रांनो! पानांचा केवढा डोंगर क्षणात सरला, उरली मोजकी पानं. त्यातलं एक कुठल्याशा दूरच्या कारागिराचं होतं, फोटोंसकट. आतली दोरी निसटते, ती अशी बसवा. दादांना कधीही न भेटलेल्या माणसाने ते आधीच लिहून ठेवलं होतं! एवढंसं माझं बटण, आणि त्याचा हात कुठवर पोचला! मी अजून त्याच नवलात आहे.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याने ते पान पाहून दोरी बसवली.

काही दिवसांनी काकू दादांना घेऊन आल्या. दादांनी खिशातून जाड कागद काढला, ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचलं, "अर्जदार भगिनीस कळविण्यात येते की, आपला अर्ज मंजूर झाला आहे. गोष्ट पुढे चालू." काकू हसता हसता रडायला लागल्या.

मग दादांनी विचारलं, ते बटण कुठलं? बाईंनी त्यांचं बोट धरून माझ्यावर ठेवलं. दादांनी ते हळूच चाचपलं, एखादं अक्षर वाचावं तसं. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. काय शोधायचं ते आधी मनाशी ठरवा, आणि मग माझ्यावर बोटं ठेवा. दादांनी ठेवलं तसं, हळूच.