सरडेरावांचा डावा पंजा

सकाळपासून बाबांचा हा सातवा फोन होता.

"कुठवर आलं?"

"शेपटीपाशी. मघाशीही शेपटीपाशीच होतं. बाबा, सहा दिवस लागणार आहेत, सांगितलंय ना तुम्हाला?"

काचेपलीकडे यंत्राखाली सरडेराव पसरले होते. ताटाएवढ्या, जेमतेम दोन बोटं जाड दगडात दबलेला तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा सरड्यासारखा प्राणी. हे टोपणनाव बाबांचंच. एकतीस वर्षांपूर्वी याच संग्रहालयात नोकरीला असताना सुईने टोकरत टोकरत त्यांनीच तो दगडातून वर आणला होता. खालची बाजू मात्र कुणीच पाहिली नव्हती. नेहमीच्या स्कॅनमध्ये वस्तू गोल फिरवून आरपार क्ष-किरण सोडतात. पण चपट्या दगडाची कड समोर आली, की किरण आतच जिरतात आणि चित्राचा पार विचका होतो. म्हणून आता तिथेच काम करणाऱ्या त्यांच्या लेकीने तीन वर्षं खपून हे यंत्र उभं केलं होतं. किरणांची बारीक रेघ दगडात शिरायची, आत आपटून विखुरलेले थोडे किरण मागे उसळायचे, आणि ते त्याच बाजूला बसवलेली यंत्रणा टिपायची. एकेक ठिपका, मग थर, थराखाली थर.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःच आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते जिना टाळायचे, तरी तळघरात उतरून आले. बसले, उठले, चष्म्याचं घर उघडलं, मिटलं.

"डाव्या पंज्यापर्यंत आलं?"

"उद्या."

"तेवढा भाग वगळता नाही येणार?"

ती हसली. "का? लाजतात की काय सरडेराव?"

बाबा हसले नाहीत. "तो पंजा मी केलाय."

"म्हणजे?"

"सुई निसटली. बोटांचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब फोटो काढायला येणार होते. दगडाची पूड आणि प्लास्टर कालवून बोटं बसवली. चारच बसली. पाचव्याला जागा उरली नाही."

तिने काचेपलीकडच्या सरडेरावांकडे पाहिलं. उजवा पंजा पोटाखाली, न दिसणारा. याच चार बोटांवरून हा प्राणी वेगळ्या जातीचा ठरला होता. पुस्तकांत छापून आला होता. शाळेत असताना तिने वर्गभर मिरवलं होतं, माझ्या बाबांनी काढलाय म्हणून.

"एकतीस वर्षं गप्प बसलात?"

"आधी भीती वाटली. मग कौतुक सुरू झालं. मग तोंडच उघडेना."

ते गेल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. पडद्यावर स्कॅनचा आराखडा होता. पंज्याभोवती चौकोन आखून 'वगळा' म्हटलं की काम झालं असतं. कुणी विचारलं, तर यंत्रावर ढकलता आलं असतं. तिने चौकोन आखला. पुसला. जिना चढून वर गेली, पाणी न पिताच परत आली, पुन्हा आखला. शेवटी पुसून टाकला आणि खुर्ची मागे सरकवून उभीच राहिली.

सहाव्या दिवशी तिने बाबांना बोलावून पडद्यासमोर बसवलं. प्लास्टरची बोटं फिकट, भुतासारखी दिसत होती. तिने थर खाली सरकवला. फिकट बोटांच्या खाली, दगडात वळलेली तीन बारीक हाडं आली. बाजूला मोडलेल्या बोटांचे दोन खुंट. पोटाखालच्या उजव्या पंज्याला सरळ पाच बोटं होती.

"म्हणजे सगळा नव्हता मोडला मी," बाबा पुटपुटले.

"वरचा मोडलात. खालचा झाकलात." मग जरा थांबून तिने विचारलं, "संचालक बाईंना मी सांगू की तुम्ही?"

"मीच."

कठडा धरून ते एकेक पायरी चढले. ती मागून गेली. आधार द्यायला तिने हात पुढे केला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

संचालक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेखी मागितलं. जातीचं नाव रद्द झालं. वर्तमानपत्रात नको तेवढं छापून आलं. बाबा महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. घरातल्या घरात येरझारा घालत राहिले. मग बाईंचाच निरोप आला: प्लास्टर काढायचंय, मिश्रण कसं केलं होतं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

त्यांचे हात आता थरथरत, म्हणून सुई दुसऱ्याच एका बाईंच्या हातात होती. बाबा शेजारी बसून सांगत होते, इथे कच्चं आहे, इथे दाबू नका. दुपारी पहिलं खरं हाड दिसलं, गव्हाच्या दाण्याएवढं. लेकीने भिंग त्यांच्यापुढे धरलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हं," ते म्हणाले. "आता हळू. फार हळू."