मडक्यातला शिवयोगी

१९२८ सालच्या भाद्रपदात सोलापुरात एक मडके बोलू लागले. गिरणीच्या चाळींतली तीन-चारशे माणसे रविवारची सुट्टी त्या मडक्यापुढे मांडी घालून घालवू लागली. मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो. वर्गातली निम्मी मुले या चाळींतलीच, त्यामुळे सोमवारी पाढे बाजूला पडायचे आणि काल मडके काय म्हणाले याचीच चर्चा चालायची. तीन सोमवार मी हे सहन केले आणि चौथ्या रविवारी स्वतः जाऊन बसलो.

चाळीमागच्या लिंबाखाली दगडी चौथरा होता. त्यावर घटनाथ महाराज नावाचा एक गलेलठ्ठ इसम भगवी शाल पांघरून बसला होता. त्याच्या मांडीला टेकून विभूतीने माखलेले काळे मडके होते आणि मडक्याच्या तोंडाला तांबडे फडके बांधले होते. शेजारी त्याचा शिष्य सिदू माळ ओढत उभा. त्याचे ओठ जपात सारखे हलत होते. आधी महाराजाचे प्रवचन झाले. आत्मा आकाशातून येतो, मडक्यात आकाश कोंडलेले असते, म्हणून आत्म्याला मडके जवळचे वाटते, असे त्याने सांगितले. विलायतेच्या साहेबाने बिनतारी यंत्र केले तेही म्हणे याच्या गुरूचे मडके बघून. इतके खोटे एका दमात बोलणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

मग महाराजाने डोळे मिटले आणि मडक्यातून आवाज निघाला. 'घुंऽऽव, घुंव, घुंघुंऽऽव.' चढणारा, उतरणारा, रडका आवाज. पुढच्या रांगांतली माणसे हुंदके देऊ लागली. कुणाची आई बोलत होती, कुणाची लेक. मला त्यात एक अक्षर ऐकू येईना. मी तसे सिदूला सांगितले, तर तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "मास्तर, तुमच्या कानात इंग्रजीचा मळ बसलाय. एकवीस दिवस गोमूत्र घाला, मग या." लोक हसले. ज्यांच्या पोरांना मी मुळाक्षरे शिकवली ते लोक हसले, याचा मला अजून राग आहे.

हे एवढ्यावर थांबले असते तर मीही मुकाट्याने घरी गेलो असतो. पण त्या दिवशी रेवणप्पा पुढे सरकला. रेवणप्पा गिरणीत माग चालवायचा. श्रावणात त्याचा धाकटा भाऊ शिवयोगी तीन दिवसांच्या तापाने लिंगैक्य झाला होता. दोघे भाऊ एकाच खात्यात शेजारशेजारच्या मागांवर काम करायचे. भाऊ गेल्यापासून रेवणप्पा अर्धा झाला होता. मडके घुमले आणि रेवणप्पा मोठ्याने सांगू लागला, "माजा शिवयोगी बोलतोय. म्हनतोय, आण्णा, मी तापानं गेलो न्हाय. बसव्वानं करनी केली. तिच्या जिबंवर मंत्र हाय."

बसव्वा म्हणजे शिवयोगीची बायको, अक्कलकोटकडच्या खेड्यातली, विशी-बाविशीची. ती तिथेच मागे बायकांत बसलेली. महाराजाने डोळे उघडून निकाल दिला. पुढच्या रविवारी तिला चौथऱ्यापुढे आणायचे आणि तापल्या सळईचा डाग जिभेवर द्यायचा, म्हणजे मंत्र मरेल आणि शिवयोगी सुटेल. रेवणप्पाने मान डोलावली. एवढ्या माणसांत एकानेही हा काय प्रकार म्हणून विचारले नाही.

मी तडक पोलीस चौकीत गेलो. तिथला हवालदार म्हणाला, अजून काही घडलेले नाही, घडले की या. त्याच्या कपाळावर त्याच मडक्याची विभूती होती.

माझी खात्री होती की कुठेतरी नळी असणार आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस. सोमवारी महाराज जेवायला गेल्याचे बघून मी चौथऱ्याभोवती रांगलो, मागचा ढिगारा उकरला, लिंबावरसुद्धा चढलो. नळी नव्हती. खाली उतरलो तेव्हा गुडघे सोलले होते आणि शेंगा विकणारी मायाक्का हसत होती. मायाक्का जन्मापासून आंधळी. पण पाचशे पावलांवरून कोण येतेय ते चालीवरून ओळखायची. "कोन, मास्तर व्हय? झाडावर काय करताय?" मी तिला विचारले, तुला मडके काय म्हणते? ती म्हणाली, "मला कुटं काय ऐकू येतंय? म्हस अडल्यागत आवाज येतोय नुसता. पन बोलायची चोरी हाय की. बसव्वा पयल्या दिशी बोलली, मला शबुद ऐकू येत न्हाईत म्हनून. तिचं काय केलं बगितलं न्हवं?"

मला ते ठाऊक नव्हते. म्हणजे बसव्वा करणी करणारी म्हणून नव्हे, तर खरे बोलली म्हणून मडक्याच्या डोळ्यात खुपली होती. आणि सबंध पेठेत जिचे कान सगळ्यांत तिखट, तिलाही शब्द ऐकू येत नव्हते. रात्रंदिवस मागांच्या खडखडाटात राहून ज्यांचे कान अर्धे बहिरे झालेले, त्यांना मात्र सगळे लख्ख ऐकू येत होते. हे उलटे कसे, ते माझ्या डोक्यात शिरेना.

ते शिरले बुधवारी. रेवणप्पाला शेवटचे समजावून सांगावे म्हणून मी गिरणीत गेलो. मागांवरच्या कामगारांचा मुकादम, म्हणजे जॉबर, वीरभद्रप्पा माझ्या ओळखीचा. तो मला मागांच्या खात्यात घेऊन गेला. आत पाऊल टाकले आणि कानात खिळे ठोकल्यासारखे झाले. शेकडो माग एकदम चालत होते. मी वीरभद्रप्पाच्या कानाशी ओरडलो तरी मला माझाच आवाज येईना. वीरभद्रप्पाने मात्र वीस मागांपलीकडच्या रेवणप्पाकडे बघून नुसते ओठ हलवले. रेवणप्पाने ओठ हलवून उत्तर दिले. दोघे हसलेसुद्धा. बाहेर आल्यावर मी विचारले, काय बोललात? वीरभद्रप्पा म्हणाला, "म्हनलं, मास्तर आल्यात. तो म्हनला, त्यांना म्हनावं माज्या घरात पडू नका."

"पण तुम्हाला ऐकू कसं गेलं?"

"कानानं की. न्हायतर काय? चांगलं ऐकू आलं."

तो चेष्टा करत नव्हता. मी पुन्हा पुन्हा विचारले, पण तो ऐकू आले यावरच ठाम. वीस वर्षे हे लोक त्या खात्यात एकमेकांचे ओठ वाचत होते. आणि ते आपण डोळ्यांनी करतो याचा त्यांना पत्ताच नव्हता. ओठ दिसले की त्यांच्या डोक्यात शब्द वाजत होता.

मला चौथऱ्यावर जप करणारा सिदू आठवला.

त्याच संध्याकाळी मी वीरभद्रप्पाच्या खोलीवर गेलो. त्याची बायको नीलम्मा हीसुद्धा गिरणीत कामाला. मी फणीवर पातळ कागद धरून तोंडाने नुसता घुंव घुंव सूर काढू लागलो. नीलम्माला माझ्याशेजारी उभी केली आणि आवाज न काढता ओठ हलवायला सांगितले. वीरभद्रप्पा म्हणाला, "फनी म्हनतीय, भाकरी गार व्हतीय." मग त्याला भिंतीकडे तोंड करायला लावले आणि तेच पुन्हा केले. वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "आता नुसती भुनभुन," तो म्हणाला. आणि मग, "मास्तर, मी बी गेल्या ऐतवारी माज्या बापाशी बोललो हो."

मला त्याची दया आली, पण वेळ नव्हता. रविवारी काय करायचे ते आम्ही तिथेच ठरवले. सिदू मूळचा होटगीचा आणि दोन वर्षे याच गिरणीत बदली कामगार होता, हेही तेव्हाच वीरभद्रप्पाला आठवले.

रविवारी सकाळी मैदान फुलले होते. चौथऱ्यापुढे शेगडीत सळई लाल होत होती. दोन बायकांनी बसव्वाचे दंड धरले होते. तिचा पदर सुटला होता, तो सावरायलाही तिचे हात मोकळे नव्हते. वीरभद्रप्पा चवरी घेऊन पुढे झाला आणि आज महाराजांना वारा घालायची सेवा मला द्या म्हणाला. जॉबरला नाही कोण म्हणणार? तो अंगाने आडवा, लोकांकडे तोंड करून सिदूच्या पुढ्यातच उभा राहिला. सिदू पार झाकला गेला. त्याने मागून दोनदा ढोसले, पण वीरभद्रप्पा हलला नाही. महाराजाचे डोळे एव्हाना मिटलेले होते.

मडके घुमू लागले. वीरभद्रप्पाचे ओठ हलू लागले.

मी रेवणप्पाकडे बघत होतो. आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आले, मग तोंड उघडे पडले. तो उठून उभा राहिला. "काय म्हनतोस शिवयोगी?" मडके आणखी रंगात येऊन घुमले. रेवणप्पा लोकांकडे वळला. "ऐकलंसा? तो म्हनतोय, बसव्वाचा दोष न्हाय. ह्या म्हाराजानंच मला मारलं."

ऐकले होते. सगळ्यांनी ऐकले होते. महाराज मात्र डोळे मिटून मन लावून घुमतच होता. गलका वाढला तेव्हा त्याने डोळे उघडले. तोवर रेवणप्पाने शेगडीतली सळई उचलली होती आणि त्याच्यामागे शंभर माणसे होती.

खरे सांगतो, क्षणभर मला वाटले, बसू दे डाग. त्या माणसाची जीभ त्याच लायकीची होती. पण मग मी आणि तो यांत फरक काय राहिला असता? मी सळईच्या आड गेलो. "रेवणप्पा, शिवयोगी गेल्या रविवारीही बोलला नव्हता आणि आजही बोललेला नाही. हे शब्द मी वीरभद्रप्पाला पढवलेत."

कुणाचाच विश्वास बसेना. वीरभद्रप्पाने स्वतः कबूल केले तरी बसेना. एक म्हातारा मला म्हणाला, मी माज्या कानानं ऐकलंय. तेव्हा मी ओरडून सगळ्यांना चौथऱ्याकडे पाठ करायला लावले. वीरभद्रप्पानेही तेच सांगितले, तेव्हा जॉबरचा शब्द म्हणून त्यांनी पाठ केली. मग मी महाराजाला म्हणालो, हं, आता बोलवा कुणाला बोलवायचे ते. तो घाम पुसत बसून राहिला. वीरभद्रप्पाने त्याच्या अंगावरची शाल ओढली. मडक्याला मागून हात जाईल एवढे भोक होते. तांबड्या फडक्याखाली बकऱ्याचे ताणलेले कातडे होते, त्याच्या मधोमध घोड्याच्या शेपटीचे केस ओवून आत सोडलेले आणि महाराजाच्या बोटांना राळ फासलेली. वीरभद्रप्पाने राळ लावून केस ओढले. घुंऽऽव. पुन्हा ओढले. घुंऽऽव. पाठ करून उभ्या असलेल्या तीन-चारशे माणसांपैकी एकालाही त्यात कुणाची आई की लेक ऐकू आली नाही.

सिदू तेवढ्यात पळून गेला होता. महाराजालाही पळता आले असते, पण त्याच्या अंगाने साथ दिली नाही. दुपारी तोच हवालदार त्याला घेऊन गेला. कपाळ पुसून आला होता.

लोक घरी जायला तयार नव्हते. त्यांना मी जे सांगितले ते इथेही सांगतो. ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही. बोलणाऱ्याचे तोंड डोळे बघत असतात, पुढे काय येणार ते मन आधीच धरून बसलेले असते, आणि कानाला अर्धामुर्धा आवाज मिळाला तरी उरलेला शब्द आपणच पुरा करतो. ही काही खोड नव्हे. त्याच्याच जोरावर तुम्ही मागांच्या खडखडाटात संसाराच्या गोष्टी करता. पण म्हणूनच 'मी माझ्या कानांनी ऐकले' हा पुरावा होत नाही. डोळे मिटून ऐका, पाठ करून ऐका, ज्याला ऐकू येत नाही त्याला विचारा, आणि त्याला पापी म्हणायच्या आधी आपले तपासा. एवढे कष्ट कुणी घेतले असते तर ते मडके पहिल्याच रविवारी फुटले असते.

माझे बोलणे संपले तरी रेवणप्पा सळई हातात धरून उभा होता. ती आता काळी पडली होती. बसव्वाचे दंड सोडले होते, त्यांवर बोटांचे वळ उठले होते. ती त्याच्यासमोर आली आणि हळू आवाजात बोलली. ती आवाज चढवून बोलल्याचे मी कधीच ऐकले नाही.

"भावजी, मी आठ दिवस तुमाला सांगत हुते, मी काय केलं न्हाय म्हनून. घरात सांगितलं, दारात सांगितलं. माजं तोंड तर तुमच्यासमोर हुतं की."

रेवणप्पाने सळई खाली टाकली. बसव्वा पदर सावरून एकटीच चाळीकडे चालू लागली, आणि तिला वाट द्यायला माणसे खाली माना घालून बाजूला झाली.