माझ्याकडे फक्त पत्ता होता

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या बाहेर राहणारी, काळ्या डबीतली, एका आखूड वायरची. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या खणात, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी आहे. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी जन्मले त्या कारखान्यात धुळीचा एक कण दिसला तरी माणसं कासावीस व्हायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या बायकांनी माझ्या चकचकीत तबकड्या बसवल्या. माझ्यात किती मावतं हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काही न करताच मी स्वतःवर खूश होते.

मला विकत घेतलं ते एका लेकीने, बाबांच्या आवाजासाठी. बाबा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. गावात कुणी त्यांना चेहऱ्याने ओळखत नसे, पण बाजारात भाव विचारला की चार माणसं वळून बघत. त्याच गळ्यात दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. लेकीच्या मांडीवर तेव्हा तान्ही मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत.

मग ऑपरेशनपर्यंत बाबा रोज कॉम्प्युटरसमोर बसले आणि नातीसाठी बोलून ठेवलं. गोष्टी, गाणी, लटका राग, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी चार शब्द, लग्नाच्या दिवसासाठी चार शब्द. सगळं कॉम्प्युटरच्या पोटातल्या डिस्कवर साठलं. तिला मी थोरली म्हणते. बाबांना शोधाशोध नको म्हणून जावयाने पडद्यावर एक पिवळी खूण करून दिली. खाली नाव लिहिलं, ‘चिमणीसाठी’. तिच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. त्या बाणाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते मुके होऊन.

त्यानंतर दर रविवारी लेक मला कॉम्प्युटरला जोडायची आणि ती पिवळी खूण उचलून माझ्यात टाकायची. काम डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं.

“इतक्यात झालंसुद्धा! कसली चटपटीत आहे ही,” ती म्हणायची.

मित्रांनो, तासन्‌तासांचं बोलणं इतक्यात उतरत नाही. माझ्यात आवाज येतच नव्हता. बाण असलेली ती खूण म्हणजे नुसता पत्ता होता. आवाज थोरलीकडे कुठे ठेवलाय, एवढंच त्यात लिहिलेलं. लेक निष्काळजी मुळीच नव्हती. ती दर वेळी माझ्यातली खूण दाबून बघायची, आणि बाबांचा आवाज खणखणीत यायचा: “चिमणीबाई, आपली झोपेची गाडी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी दूध पिऊन घ्यावे.” तो आवाज थोरलीकडून येत होता. लेकीला वाटायचं, माझ्यातून येतोय. तिचा जीव भांड्यात पडायचा. बाबा खुर्चीत डोळे मिटून स्वतःलाच ऐकत बसायचे. ते मग मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे, लॉकेट ठेवावं तसं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण डिस्कला तोंड नसतं, तिच्यात जे घालाल तेवढंच ती बोलते.

वर्षं गेली. थोरली कुरकुरू लागली. सुरू व्हायला वेळ लावायची, मधूनच टकटक वाजायची. दुरुस्तीवाला घरी आला. त्याने कान लावून ऐकलं.

“ताई, ही फार दिवस काढणार नाही. आत्ताच क्लोन करून घ्या. म्हणजे हिच्यात जे जे आहे, ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर. दोन दिवस ठेवा माझ्याकडे.”

“दोन दिवस? चिमणी आजोबांना ऐकल्याशिवाय झोपत नाही हो. आणि आपल्याकडे बॅकअप आहे की.” तिने फडकं सोडून मला दाखवलं.

“तपासलाय?”

“दर रविवारी.”

“मग काय काळजी नाही,” तो म्हणाला आणि त्याने बॅग आवरली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासलाय का, हे विचारायचं त्याच्या मनात आलं नाही. माझ्याकडे बघून सगळे निर्धास्त झाले. मी नसते, तर थोरली त्याच दिवशी दुकानात गेली असती.

पुढच्याच आठवड्यात थोरली उठली नाही. दुकानात बाबा, लेक आणि चिमणी तिघं आली. लेक हसत म्हणाली, “दादा, नवी डिस्क टाका आणि हिच्यातलं घ्या.” दुरुस्तीवाल्याने मला त्याच्या कॉम्प्युटरला जोडलं. पिवळी खूण दिसली. त्याने ती दाबली. पडद्यावर आलं, फाइल सापडत नाही. पुन्हा दाबली, तेच. मग त्याने ती खूण किती जागा घेते ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“ताई, हा शॉर्टकट आहे. आत काही नाही.”

“असं कसं? आम्ही ऐकायचो ना!”

त्याने थोरलीचं क्लोन करायला घेतलं. ती थोडी फिरली, टकटक वाजली, थांबली. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पुढे तिला दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं, तिथूनही ती तशीच परत आली. तबकडी खरवडून गेली होती. त्या दिवशी दुकानात लेक ओक्साबोक्शी रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणायला त्यांचे ओठ हलले, पण आवाज कुठून येणार. इतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

तेव्हापासून मला फडकं नाही. लेक माझ्याकडे बघतही नाही. चिमणी मात्र कधीकधी मला काढते, आईने घरी आणलेल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडते आणि कानाशी धरते. मी फिरते, तेव्हा बारीक घुंईऽ असा आवाज येतो. बऱ्याच वर्षांनी, तो आवाज आठवेनासा झाल्यावर, एकदा तिने दाराशी उभ्या असलेल्या बाबांना विचारलं, “आजोबा, तुमचा आवाज असा होता?”

बाबांनी होकाराची मान हलवली.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याची प्रत करून ठेवा. पण ती करून गप्प बसू नका. दुसऱ्याच्या घरी न्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, शेवटपर्यंत ऐका. नाही उघडली, तर रडू नका, घरी जाऊन पुन्हा करा. मूळ तोवर शाबूत असतं. आमच्या घरी ते कितीतरी रविवार शाबूत होतं.