चौथी बाजू

चारही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात, हे वाक्य नीताने जव्हारच्या आश्रमशाळेत चौदा वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. बेट मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. अंदमानचा बेत दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. तिचा नवरा भावेश सरकारी कार्यालयात क्लार्क. देह घरी, जीव फोनमध्ये. साहेबांना एखादा तक्ता लागला की याची सुट्टी संपलीच म्हणून समजा.

म्हणूनच चौथीतली वर्षा एकदा वर्गात उठून म्हणाली, "बाई, आमचं घर बेटावर हाय," तेव्हा नीताने तिला तोंडभर शाब्बासकी दिली. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला जोडून चार सुट्ट्या आल्या होत्या. तिथेच जायचं, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. मोखाड्याच्या पुढे धरणाच्या पाण्यात टेकडी, टेकडीवर सहा घरं, जायला होडी आणि फोनला रेंज नाही. यातली शेवटची गोष्ट तिने भावेशला सांगितली नाही. चार दिवस नवऱ्याने आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. बेट मिळालं तर दुधात साखर.

वर्षाचा बाप माघ्या त्यांना होडीतून घेऊन गेला. वर्षाही बरोबर होती, पण सगळी वाट घुम्यासारखी बसून राहिली. उतरून तास झाला नाही तोच आभाळ फाटलं. वारा असा सुटला की समोरचा काठ दिसेनासा झाला. माघ्याने होडी वर ओढली, पालथी घातली आणि तिच्यावर दगड ठेवले.

"वारा हटं तवर होडी नाय," तो म्हणाला.

पहिला दिवस भावेशने फोन डोक्यावर धरून अंगणात फेऱ्या मारण्यात घालवला. "रस्ता असता ना, तर असाच भिजत निघालो असतो," असं तो निदान दहा वेळा म्हणाला. झालं, आता चार दिवस हे फुगलेलं तोंड बघायचं, असं नीताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र नवलच घडलं. गडी चुलीपाशी माघ्याच्या आईजवळ, पोशीआजीजवळ, जाऊन बसला. भाकरी थापून पाहिली, तिचा नकाशा झाला तरी खाल्ली. बाहेर वारा छपराशी झटत होता आणि हा लहानपणी नदीत कसा वाहून चालला होता ते सांगत होता. बारा वर्षांच्या संसारात ही गोष्ट नीताने कधी ऐकली नव्हती. लग्न ठरलं तेव्हा हा माणूस असाच बोलायचा. तिला इतकं बरं वाटलं की वादळ आणखी आठवडाभर राहावं, असा दुष्ट विचार मनात येऊन गेला.

तिच्या स्वतःच्या प्रश्नांना तर अंतच नव्हता. छप्पर उडत कसं नाही? दार याच बाजूला का?

"बाय, तू लय इचारते," पोशीआजी म्हणायची आणि तरी सगळं सांगायची.

तिसऱ्या सकाळी काखेत कोंबडी घेऊन एक माणूस आला. नाव सोम्या, राहणार पलीकडच्या पाड्यावर.

"कशाने आलात?" नीताने विचारलं. होडी तर अजून पालथीच होती.

सोम्याने माघ्याकडे पाहिलं, माघ्याने छपराकडे. वर्षा उठून बाहेर पळाली.

मग नीता कसली घरात बसते! प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन ती घरांच्या मागे निघाली.

"तिकडं नको जाव, निसरडं हाय!" म्हणत पोशीआजी मागे धावली. अर्थातच नीता तिकडेच गेली.

डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. मधोमध जमिनीचा एक चिंचोळा पट्टा, आणि त्यावरून गुरांच्या खुरांनी तुडवलेली वाट थेट पलीकडच्या डोंगरावर चढली होती. बाजू तीनच. याला काय म्हणतात तेही नीताला पाठ होतं.

"आजी, ही वाट कुठे जाते?"

"तीन तास चाललं तं डांबरी रस्ता लागं."

"मग सांगितलं का नाही?"

पोशीआजीने पदराने तोंड पुसलं. "पोरगी वर्गात बेट बोलली. तू तिला शाब्बास बोलली. मंग आमी पोरीला खोटी पाडू काय? सगळ्या पाड्याला सांगलं, बाय हाय तवर या वाटंनं कोणी जायाचं नाय. सोम्याला सांगाया राहलं."

नीता पोट धरधरून हसली. हसू ओसरलं तसा तिला भावेश आठवला. रस्ता होता. सांगावं तर भावेश तासाभरात पिशवी उचलणार. न सांगावं तर दीड दिवस आणखी तिचा. पण रस्ता नाही म्हणून थांबलेला नवरा तिला किती दिवस पुरणार होता? घरापर्यंत येता येता तिने ठरवलं, सांगायचं.

भावेश ओसरीवर माघ्याकडून दोर वळायला शिकत होता.

"अहो," ती म्हणाली, "मागून वाट आहे. चालत रस्त्यापर्यंत जाता येतं."

"माहीत आहे," तो दोरावरची नजर न काढता म्हणाला. "काल पहाटेच गेलो होतो. डोंगर चढला की रेंजही येते. साहेबांचे सतरा मेसेज होते."

"मग?"

"मग काय, फोन बंद केला आणि पळत आलो. तू उठायच्या आत पोचायचं होतं."