सोबत येणार नाही

चेतन आणि शीतलचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. कोर्टानं मुलगी आईकडे दिली होती आणि रविवार बापाकडे. चार वर्षांत चेतननं एकही रविवार चुकवला नव्हता. सकाळी तो आपल्या बहादरपुर गावाहून गाडीवर निघायचा, बुऱ्हाणपुरच्या सिंधीपुऱ्यात शीतलच्या भाड्याच्या खोलीखाली हॉर्न वाजवायचा, की भूमिका धडधडत जिना उतरायची. दिवसभर बापाच्या केळीच्या बागेत हुंदडून ती संध्याकाळी परत यायची. शीतल तिथल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स होती. नवरा-बायकोचं भांडण नेमकं कशावरून सुरू झालं होतं, हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

मार्चमधल्या एका रविवारी हॉर्न ऐकून शीतलच खाली आली.

"जरा वर या. बोलायचंय."

भूमिका शेजारच्या कोकिळाकाकूंकडे गेली होती. खोलीत पलंगावर कागद पसरलेले होते.

"मी कॅनडाला जाऊ राहिले," शीतल म्हणाली. "तिकडे सस्कॅचेवान म्हणून एक राज्य आहे. मोठ्या शहरांकडे सगळेच धावतात, तिथं माझा नंबर लागणार नाही. पण या राज्यात नर्सा कमी पडतात. एका वृद्धाश्रमात मला नोकरी मिळाली. आता ते राज्यच माझं नाव कॅनडा सरकारकडे पाठवणार. मग कायमचं राहता येतं."

"आणि भूमी?"

शीतलनं एक कागद त्याच्याकडे दिला. "तिला न्यायचं तर यावर तुमची सही लागते."

इंग्रजी मजकुराखाली वकिलानं हिंदीतून लिहिलं होतं. चेतननं ते मोठ्यानं वाचलं, "मेरी पुत्री के स्थायी रूप से विदेश में बसने पर मुझे कोई आपत्ति नहीं है." मग तो थांबला. "स्थायी रूप से."

"हो."

"माझ्याकडे आठवड्यातून एक दिवस आहे, शीतल. तोबी घेऊन जातेस?"

"अकरा वर्षं झाली, नोकरीत मी होते तिथंच आहे. तिकडे जायला वयाचे पॉइंट मोजतात, ते दरवर्षी कमी होतात. पुढच्या वर्षी दार उघडं असेलच असं नाही."

"मग तू जा. पोरगी जाणार नाही."

तो सही न करताच खाली उतरला.

शीतल भांडेल, कोर्टात जाईल, असं त्याला वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही. दहा दिवसांनी तिचा फोन आला. व्हिसाची कामं करणाऱ्या इंदूरच्या एजंटनं दुसरा रस्ता सांगितला होता. फॉर्मवर मुलीचं नाव लिहावंच लागतं, नाही तर पुढे तिला कधीच बोलावता येत नाही. पण नावापुढे 'सोबत येणार नाही' असं लिहून आईला एकटीला जाता येतं.

"तसंच भरते," शीतल म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मेच्या अखेरीला फॉर्म पाठवायचा आहे. परीक्षा झाली की तिला बहादरपुरला न्या. मी असेपर्यंत सवय होऊ द्या."

चेतननं फोन खिशात ठेवला. त्याला हवं तेच झालं होतं. तरी त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी भूमिका दोन बॅगा घेऊन बहादरपुरला आली. ती दहा वर्षांची होती. चेतनची आई गोदाबाई हरखून गेली. तिनं नातीसाठी खिडकीजवळची खाट रिकामी केली, चेतननं सायकल आणली. भूमिकाचा कुणाला काडीचा त्रास नव्हता. सकाळी उठून ती आपली चादर घडी करायची. जेवल्यावर ताट घासून ठेवायची. फ्रिज उघडण्याआधी विचारायची, "आजी, पाणी घेऊ?"

"किती गुणाची पोर आहे!" गोदाबाई शेजारणींना सांगायची.

चेतनला मात्र ते खुपू लागलं. रविवारची भूमिका अशी नव्हती. ती टीव्हीच्या रिमोटसाठी बापाशी मारामारी करायची, न विचारता ट्रॅक्टरवर चढून बसायची.

एके दिवशी तिच्या हातून चहाचा कप फुटला. ती पांढरीफटक पडली.

"चुकून झालं, पप्पा. पुन्हा नाही होणार."

"अगं, कपच तर आहे," तो म्हणाला.

पण संध्याकाळी तो खोलीत गेला तेव्हा तिच्या दोन्ही बॅगा भरून खाटेखाली नीट लावून ठेवलेल्या होत्या. तिला विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला बागेत घेऊन गेला. मोटार चालू करून दोघं पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले. केळीच्या रांगांमधून ओलसर गारवा येत होता.

"पप्पा," भूमिका खाली बघत म्हणाली, "मी मम्मीच्या मोबाइलवर तो फॉर्म पाहिला. माझ्या नावापुढे लिहिलंय, सोबत येणार नाही."

"हं."

"पण मी तर नाही म्हटलंच नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही. असं कुणी लिहिलं? मम्मीनं?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फॉर्म शीतलनंच भरला होता. एकदा 'हो' म्हटलं असतं, तर पोरगी आईवर रुसली असती आणि जन्मभर बापाची राहिली असती. चेतनच्या जिभेवर तो शब्द आला होता.

"मी लिहायला लावलं," तो म्हणाला. "मम्मी तुला नेणार होती. मीच सही दिली नाही."

भूमिकानं त्याच्याकडे पाहिलं. मग ओंजळीत तोंड लपवून ती रडायला लागली. बहादरपुरला आल्यापासून पहिल्यांदाच. चेतननं तिला जवळ ओढलं तेव्हा तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं, आणि पुन्हा त्याच्याच छातीवर डोकं टेकलं.

त्या आठवड्यात कोर्टाच्या आवारातल्या नोटरीसमोर तो सहीला बसला. शीतल ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती.

"राजी-खुशी से कर रहे हो?" नोटरीनं विचारलं.

"हाँ, साहब."

बाहेर आल्यावर शीतल म्हणाली, "मी तिला आणत जाईन."

"जमेल तेव्हा आण," तो म्हणाला.

कागद फिरायला दीड वर्ष लागलं. दोघी निघाल्या त्या दुपारी स्टेशनवर फक्त चेतन होता. गोदाबाईनं घरातच नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. गाडी हलल्यावर भूमिका दारात येऊन उभी राहिली. शीतलनं मागून तिचा फ्रॉक घट्ट धरला होता, एवढं चेतनला शेवटपर्यंत दिसत होतं.

पुढच्या वर्षी त्यानं महिनाभर भेटून यायला म्हणून व्हिसाचा अर्ज भरला. शहरात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या योगेंद्रनं त्याला जमिनीचे उतारे, आईचं आधार कार्ड, सगळं जोडायला लावलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. योगेंद्रनं ते दोनदा वाचलं.

"नाही म्हटलंय, चेतनभाऊ. मुदत संपल्यावर तुम्ही परत याल, असं त्यांना वाटत नाही."

"मी परत येणार नाही? माझी माय इथं, बाग इथं. मी इंदूरलाबी रात्र काढत नाही."

"त्यांनी कारण लिहिलंय. तुमची मुलगी तिकडे राहते म्हणून."

चेतन बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

भूमिकाचा फोन आला तेव्हा तो तिच्याशी खोटं बोलला नाही. "नाही म्हणाले, बेटा."

"मग पुन्हा भरा, पप्पा."

"भरतो."

त्यानं पुन्हा भरला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.