व्हल्कनची बायको

मिस्त्रीच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत 'टायर, ट्यूब, व्हल्कनायझिंग' असं लिहिलेलं होतं, आणि त्यातला शेवटचा शब्द मिस्त्रीनं उभ्या जन्मात कधी नीट वाचला नव्हता. पाटी वडिलांच्या वेळची. रंग उडाला की पेंटर यायचा आणि तीच अक्षरं पुन्हा गिरवून जायचा. ट्यूबचं भोक घासायचं, त्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा, गरम प्रेसमध्ये दाबून शिजवायचा, झालं व्हल्कनायझिंग. हाताला काम येत असताना शब्द घेऊन काय लोणचं घालायचंय?

मग एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आल्या. घाम पुसत स्टुलावर बसल्या आणि पाटीकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या पाटीवर एक देव बसलाय, माहितीये का?"

मिस्त्रीनं मान वर केली. "कुठंय? मला तर कोळिष्टक दिसतंय."

"व्हल्कन. रोमन लोकांचा लोहार देव. सगळ्या देवांची हत्यारं हा भट्टीत घडवायचा. गंधक घालून रबर तापवायची, टणक करायची युक्ती सापडली तेव्हा तिला ह्याचं नाव दिलं. ज्वालामुखीला इंग्रजीत व्होल्कॅनो म्हणतात ना, तोही ह्याच्यावरूनच." बाई वर्गात बोलाव्यात तशा बोलत होत्या, फक्त वर्गात त्यांचं इतकं मन लावून कोणी ऐकत नसावं. त्याच भरात पुढचं वाक्य निघून गेलं. "आणि तो लंगडा होता."

बोलून झालं आणि त्यांची नजर मिस्त्रीच्या डाव्या पायावर गेली. हा पाय जन्मापासून आखूड. बाईंनी जीभ चावली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

मिस्त्रीला हसू फुटलं. "लंगडा, आणि तरी देव? म्हणजे आपलं तसं बरं चाललंय म्हणायचं."

त्या दिवशी त्यानं ठिगळ जरा जास्तच मन लावून शिजवलं. बाई गेल्यावर तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या दुकानाची पाटी पहिल्यांदा वाचली. अंगावर मूठभर मांस चढलं त्याच्या.

दहा-बारा दिवसांनी बाईंची स्कूटर पुन्हा पंक्चर. नंतर पुन्हा. दर खेपेला ट्यूब प्रेसमध्ये शिजेपर्यंत बाईंना बसावं लागे, आणि बसल्या की त्या एखादा शब्द उलगडून दाखवत. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत मिस्त्री आणि त्याची थोरली बहीण राहायची. ही ताई म्हणजे तिखट बाई, पण बाईंचा आवाज आला की चहाचा ट्रे घेऊन हजर. बाईंनी सांगितलं की नाश्त्याच्या खोक्यावर जे सीरियल लिहितात, तो शब्द सेरेस नावाच्या धान्याच्या देवीवरून आला आहे.

"म्हणजे मी रोज सकाळी दुधात देवी बुडवते?" ताई म्हणाली. "एवढी वर्षं बुडवतेय, कोणी बोललं नाही ते!"

दुसऱ्या खेपेला टर्मिनस निघाला. तो म्हणे हद्दीच्या दगडांचा देव. देवांच्या राजासाठी मोठं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा बाकीच्या देवांनी जागा सोडली, हा मात्र हलला नाही. म्हणून मग जिथून पुढे गाडी जात नाही ते टर्मिनस.

"आमच्याकडे पण आहे एक असा," ताईनं भावाकडे हनुवटी उडवली. "पन्नाशी उलटली, लग्नाचा विषय काढला की तसूभर हलत नाही."

"ताई, चहा ठेव आणि जा बघू आत," मिस्त्री म्हणाला. कान लाल झाले होते. ताई अर्थातच गेली नाही. उलट तिनं बाईंना विचारलं, "त्या पाटीवरच्या लोहाराला बायको होती का हो?"

"होती ना. व्हीनस. सगळ्या देवींमध्ये देखणी."

"आणि सुखात होती का दोघं?"

बाईंनी घड्याळ बघितलं. "ते पुढच्या वेळी," असं म्हणून त्या निघाल्या. घाईत पर्स विसरल्या आणि ती न्यायला परत आल्या.

पुढच्या वेळी ताईनं गोष्ट बरोबर तिथंच पकडली आणि बाईंना सांगणं भाग पडलं. व्हीनसचं मन काही लोहारात रमलं नाही. ती युद्धाच्या देवाच्या, मार्सच्या नादी लागली. मार्शल शब्द त्याचा, मार्च महिना त्याचा, आणि देखणी बायकोही त्याचीच झाली.

"अगंबाई," ताई एवढंच म्हणाली.

मिस्त्रीनं प्रेसचा स्क्रू गरज नसताना आणखी एक आटा पिळला. तो काही खुळा नव्हता. बाई शिकलेल्या, चार ठिकाणी मान असलेल्या. म्हाताऱ्या वडिलांचं करता करता लग्न राहून गेलेलं, पण म्हणून त्या काय रबर शिजवणाऱ्या लंगड्या माणसाच्या दारात येऊन पडणार होत्या? त्यांनी गोष्टीतून जे सुचवायचं ते सुचवलं आणि आपण ते समजून घ्यावं, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. खरं तर बाईंनी काहीही सुचवलं नव्हतं, पण दुखऱ्या मनाला कोण समजावणार!

महिना नेमका मार्च होता. दोन दिवसांनी ताईनं बघितलं तर भिंतीवरचं कॅलेंडर एप्रिलवर होतं.

"हे कोणी उलटलं?"

"वारा आला असेल."

"वारा आला आणि पान उलटून चिमटा लावून गेला?" ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, महिन्यावर कसला रुसतोस? माणसाला विचार की तोंडानं!"

विचारायचं म्हटलं की मात्र मिस्त्री पाना उचलून कुठल्या तरी चाकाकडे वळायचा. न विचारता निदान बाई येत तरी होत्या. विचारलं आणि नाही म्हणाल्या, तर त्या सरळ दुसऱ्या दुकानात जाणार, आणि मग ह्या दुकानात नुसते टायर उरणार. दिवसभर टायर बघून बघून संध्याकाळी कुणाचा तरी आवाज ऐकायची सवय त्याला लागून गेली होती. ती सवय मोडणं त्याला झेपलं नसतं.

एप्रिल खरोखरच लागला आणि बाई पुन्हा आल्या. ह्या वेळी टायर उतरवताना मिस्त्रीचा हात थबकला. आतापर्यंत तो ट्यूब बाहेर काढून भोक शोधायचा आणि बुजवायचा, कान बाईंच्या बोलण्याकडे असायचे. आज त्यानं टायर उजेडात धरून निरखला. रस्त्यावरचा खिळा टायरच्या पाठीत घुसतो, जिथं टायर जमिनीला लागतो तिथं. ही भोकं सगळी टायरच्या कुशीत होती, जिथं रबर पातळ असतं आणि खिळा कधीच पोचत नाही. गोल, स्वच्छ, सरळ. कोणीतरी हातानं टोचलेली.

पोरं! शाळेतली कार्टी! बाईंनी कुणाला नापास केलं असेल, कुणाला वर्गाबाहेर काढलं असेल, आणि त्याचा सूड असा उगवत होती. मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. बाईंना घाबरवायला नको म्हणून तो गप्प राहिला, पण पुढच्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी दुकान ताईवर सोपवून तो शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभा राहू लागला. तिथून मास्तरांच्या गाड्यांची शेड स्वच्छ दिसत होती. हातात टायर काढायची लोखंडी पट्टी होती. मारायला नव्हे, नुसती दाखवायला, असं त्यानं झेरॉक्सवाल्याला दोनदा समजावलं.

पोरं आली, दंगा करत गेली. एकानंही स्कूटरकडे ढुंकून बघितलं नाही. असेच तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मास्तरही एकेक करून गेले, शेड रिकामी झाली, आणि सगळ्यांत शेवटी बाई आल्या. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कॉपी करणाऱ्या पोरानं बघावं तसं. मग पर्समधून उत्तरपत्रिका शिवायचं दाभण काढलं, चाकापाशी खाली बसल्या, डोळे घट्ट मिटले आणि दाभण टायरच्या कुशीत खुपसलं. हवा सुटली तेव्हा स्वतःच दचकल्या. मग त्यांनी केस नीट केले, चष्मा पुसला आणि स्कूटर ढकलत मिस्त्रीच्या दुकानाच्या दिशेनं निघाल्या.

मिस्त्री झेरॉक्स मशीनच्या आड आ वासून उभा होता.

"सापडला का चोर?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाला, आणि लोखंडी पट्टी शर्टाखाली लपवून मागच्या बोळातून दुकानाकडे धावत सुटला. लंगडत धावत होता, पण त्या दिवशी त्याला कोणी मागे टाकलं नसतं. इतका आनंद त्याला झाला होता की बोळातल्या अनोळखी कुत्र्यालाही तो 'काय म्हणतोस' म्हणाला.

दुकानात पोचेपर्यंत मात्र आनंदाच्या मागून काळजी आली. गप्प बसलं तर हे सुख असंच चालू राहील. पण टायरची कूस भोकांनी चाळण झाली होती. बाई रोज हमरस्त्यावरून जातात, कधी भर वेगात टायर फुटला तर? म्हणजे टायर बदलायलाच हवा, आणि का बदलला हे सांगायलाही हवं, नाहीतर नव्या टायरचंही तेच होणार. सांगितलं तर ह्या मानी बाई शरमेनं पुन्हा तोंड दाखवणार नाहीत.

"बघा ना, पुन्हा पंक्चर!" बाई आल्या त्या म्हणतच आल्या.

मिस्त्रीनं ट्यूब काढलीच नाही. फळीवरचा नवा टायर उतरवला, नवी ट्यूब घेतली, चाकावर चढवली, हवा भरली. बाई जोव्ह नावाच्या देवाचं सांगत होत्या, आनंदी माणसाला इंग्रजीत जोव्हियल का म्हणतात ते. मिस्त्रीला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. हात पुसून तो उभा राहिला.

"बाई, उद्यापासून पंक्चर न होता या."

बाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. आधी मान लाल झाली, मग कान, मग सगळा चेहरा. त्यांनी पर्स छातीशी धरली, स्कूटर सुरू केली आणि मागे वळून न बघता गेल्या. ट्रेमधला चहा तसाच राहिला.

"काय बोललास रे तिला?" ताईनं विचारलं. ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "तुझ्या तोंडाला पण एक ठिगळ लावायला हवं होतं बापानं!"

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मिस्त्रीनं एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाचा टायर मागच्या चाकाला चढवला, आणि हे त्याच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं. ताईनंही बोलणं थांबवलं, आणि ताई गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाई चालत आल्या. स्कूटर नव्हती. स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, जमिनीकडे बघत राहिल्या. चाक नाही, ट्यूब नाही, प्रेस थंड. मिस्त्रीला हात कुठं ठेवावेत कळेना.

"काम नसलं की काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"तुमची वाट बघतो," मिस्त्री म्हणाला. एवढं बाहेर पडलं तसं बाकीचंही थांबेना. "बाई, मला गोष्टी सांगता येत नाहीत. तुम्ही ह्या घरात राहायला यावं असं वाटतं. म्हणजे लग्न करून. नाही म्हणालात तरी चालेल, म्हणजे चालणार नाही, पण तुम्ही रागावू नका."

आत कपबश्यांचा आवाज एकदम बंद झाला.

बाईंनी चष्मा काढला. डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "पण काय हो मिस्त्री, एवढं एक वाक्य बोलायला माणसाला किती भोकं पाडायला लावायची?"